तिच्या वाट्याचे खडे

जागा भरली, जागा भरली असं मोबाइल सारखं सांगायला लागला, म्हणून एका दुपारी मी जुने व्हॉइस मेसेज उडवत बसले. मैत्रिणीचेही उडवले. त्यात होतं तरी काय? पाणी आलं का, लग्नाला काय नेसू, पोरगं ऐकत नाही. दोन महिन्यांनी ती गेली. आता तिचा आवाज माझ्याकडे उरलाय तो फक्त माझ्या मुलीच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत, तीन-चार सेकंदांचा. ती त्यात दिसतही नाही, नुसतं ऐकू येतं, “विझवा गं लवकर, केकपेक्षा मेणबत्त्याच जास्त झाल्या.”

आम्ही दोघी खानदेशातल्या. ती अमळनेरकडची, मी दोंडाईच्याची. एकाच उधना-जळगाव लाइनवरची माहेरं, आणि लग्नानंतर गुजरातेत पलसाण्याला एकाच चाळीत भिंतीला भिंत लागून खोल्या. आमच्या दोघींचेही नवरे कडोदऱ्याच्या बाजूला डाइंग मिलमध्ये. आम्ही घरी बसून साड्यांना खडे चिकटवायचो. नगावर पैसे मिळायचे, डिंकाच्या वासानं डोकं चढायचं. एकदा तिच्या डब्यातला भात बघून मी म्हटलं, तू तांदूळ निवडत का नाहीस? ती म्हणाली, “माझ्या वाट्याचे सगळे खडे मी या साड्यांना लावून टाकले. आता भातात एक निघायचा नाही.” रातपाळी सुटून नवरा दारात आला की म्हणायची, “आमच्याकडे सूर्य दोनदा उगवतो.” शेवटी शेवटी दवाखान्यात नर्सनं वजन विचारलं, तर हिचं उत्तर, “काट्यावर अडतीस. घरात अजून भरपूर आहे.” ती नर्स बाहेर जाऊन रडली. मी पाहिलंय.

दहाव्याला माणसं जमली तेव्हा मात्र हे कोणीच बोललं नाही. सोशीक होती, कष्टाळू होती, शेवटी फार हाल झाले. सगळं खरंच होतं. हसण्याची आठवण तिथे काढणं बरं दिसत नाही, म्हणून मीही पदर तोंडाला लावून गप्प बसले. आठवड्यानं तिचा सहा वर्षांचा मुलगा माझ्या मांडीवर बसून विचारतो, “मावशी, माय सारखी रडायची का?” त्यानं बारा दिवस तेवढंच ऐकलं होतं. माझ्या छातीत धस्स झालं. पंधरा वर्षांच्या लेकीला आई आठवत होती, पण या पोराला आम्ही मोठ्यांनी मिळून एक वेगळीच बाई दिली होती.

म्हणून ज्यांच्या घरी असं माणूस जाईल त्यांना मी हात जोडून सांगते, मुलांसमोर हसा. दुखवट्यातसुद्धा हसा. गेलेल्या माणसाचा विनोद सांगताना आवाज फुटला तर फुटू द्या.

मोबाइलचंही सांगते. धाकट्याला अभ्यासाला हवा म्हणून तिच्या नवऱ्यानं, भाऊजींनी, तिचा मोबाइल दुकानात नेऊन सगळं पुसून आणला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना ठाऊकच नव्हतं आत काय आहे ते. रिचार्ज थांबलं. काही महिन्यांनी लेकीनं एका रात्री सहज आईचा नंबर लावला, तर पलीकडून एक अनोळखी माणूस गुजरातीत बोलला. बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो. व्हॉट्सअ‍ॅपचं खातंही १२० दिवस वापरात नसलं तर साधारणपणे काढून टाकतात. तेव्हा महिनाभर तरी त्या मोबाइलला कोणाला हात लावू देऊ नका, सिम चालू ठेवा, आवाज आणि फोटो दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. मोबाइल उघडायचा आकडा आजारपणातच प्रेमानं विचारून ठेवा. विचारताना जीभ अडखळते, तरी विचारा.

जपून ठेवायचं म्हटलं की मला जळगावजवळच्या आसोद्याच्या, आमच्याच भागातल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी आठवतात. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी रचायच्या, ती मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी टिपून ठेवली. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या, सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. टिपणारं कोणी घरात नसतं तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती. माझी मैत्रीण काही कवयित्री नव्हती, पण तिचं बोलणंही तसंच चुलीपुढचं, आणि टिपणारी मी शेजारी असून टिपलं नाही.

आता टिपते. शंभर पानी वही आणली. कोणाला काही आठवलं की लिहायचं. नुसतं वाक्य लिहून भागत नाही, कारण तिचा विनोद त्या वेळेला चिकटलेला असायचा. कोण समोर होतं, भांडण कशावरून होतं, तिच्या हातात काय होतं, हे सगळं लिहावं लागतं. तिची भांडणं, तिचा तोंडाळपणाही लिहिला, तिला देवी करायची नाही असं ठरवलंय. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, “कुठे निघालीस गं?” लेकीनं वाचलं आणि म्हणाली, “मावशी, माय असं कधी बोलायचीच नाही.” खरंच की. ती म्हणायची, “कथा जाई ऱ्हायनी वं?” खोडून तसंच लिहिलं. अहिराणी शुद्ध करायला गेलं की ती माझ्या डोळ्यांपुढून उठून जाते. धाकट्याची शाळा गुजराती, त्याला मराठी अजून नीट वाचता येत नाही, म्हणून आम्ही वाचून दाखवतो, ते रेकॉर्डही करतो.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जाणं झालं नाही. पलसाण्यातच भाऊजींनी तिच्या नावानं घागर भरली, वर आंबा ठेवला. जेवताना लेकीनं वहीतलं खड्यांचं पान वाचलं. सगळे हसले, भाऊजी डोळे पुसत हसले. धाकटा मुकाट्यानं जेवत होता. मग त्यानं भातातून काहीतरी उचलून ताटाच्या कडेला ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “मावशी, मायचा एक चिकटवायचा राहिला.”