रक्ताच्या कर्करोगाची गोळी काउंटरवरून देताना

अक्यूट ल्युकेमियाचा रुग्ण पुण्या-मुंबईहून दौंडला परततो तेव्हा इंजेक्शनं तिकडंच राहतात, गोळ्या मात्र घरी येतात. त्या गोळ्यांचं घरच्या बाकीच्या औषधांशी पटतं का, हे बघायला इथं केमिस्टशिवाय कोणी नाही.

आधी चिठ्ठीवरचं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम वाचा. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ग्लिव्हेकचं, म्हणजे इमॅटिनिबच्या मूळ ब्रँडचं, पेटंट नाकारलं. इमॅटिनिब आज अनेक देशी कंपन्यांच्या नावांनी मिळतं, म्हणून पाकिटाच्या रंगावर जाऊ नका. ६०० मिग्रॅचा डोस असेल तर ४०० ची एक आणि १०० च्या दोन गोळ्या होतात. दोन्ही पट्ट्यांवर मार्करनं मराठीत लिहून द्या. ही गोळी जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची.

मग घरातली औषधांची सगळी पिशवी काउंटरवर रिकामी करायला सांगा. तीत पित्ताची गोळी बहुधा निघतेच. डॅसॅटिनिब चालू असेल तर पॅन्टोप्राझोल अडवा, कारण पोटातलं आम्ल घटलं की डॅसॅटिनिब अंगात नीट शोषलंच जात नाही.

व्हेनेटोक्लॅक्सला जास्त वेळ द्या. पेशी एकदम फुटून युरिक अॅसिड आणि पोटॅशियम चढू नये म्हणून डोस पायरीपायरीनं वाढवतात: पहिल्या दिवशी १००, मग २००, मग ४०० मिग्रॅ. पण बुरशीवरचं पोसाकोनाझोल सोबत असेल तर माहितीपत्रकाप्रमाणे ४०० च्या जागी ७० मिग्रॅवरच थांबायचं, व्होरिकोनाझोल असेल तर १०० वर. खरा धोका पुढं असतो. खोकला झाला म्हणून गावातले डॉक्टर क्लॅरिथ्रोमायसिन लिहून देतात. तेही व्हेनेटोक्लॅक्सचं रक्तातलं प्रमाण असंच वाढवतं, आणि त्यांना कर्करोगाच्या गोळीची कल्पनाच नसते. अशी चिठ्ठी आली की औषध हातात ठेवू नका. डोस आपण बदलायचा नाही. रुग्णाच्या कर्करोगतज्ज्ञांना तिथूनच फोन लावायचा आणि ते सांगतील ते वहीत टिपायचं.

व्हेनेटोक्लॅक्सही खाल्ल्यावरच घ्यायची, चावायची किंवा कुटायची नाही. वेळ चुकली आणि आठ तास झाले नसतील तर त्याच दिवशी घ्यावी, नाहीतर सोडून द्यावी. उलटी झाली म्हणून दुसरी गोळी घ्यायची नाही. पपनस आणि कमरख बंद. रसवंतीतला उसाचा रसही नको, पांढऱ्या पेशी कमी असताना तो फार महागात पडतो.

ताप १००.४ अंश फॅरनहाइटला पोचला की पॅरासिटामॉल मागायला येतील. ती देऊन घरी पाठवू नका. ताप दबतो, जंतुसंसर्ग वाढतच राहतो. तडक रुग्णालय गाठायला सांगा. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिन तर मुळीच देऊ नका, प्लेटलेट्स आधीच खाली असतात.

पुढचा साठा पुण्याहून मागवायचा तर इमॅटिनिबसाठी गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी सांगून ठेवा. व्हेनेटोक्लॅक्सचं मात्र रक्ततपासणीवर ठरतं. पुढची फेरी कधी सुरू करायची हे रुग्णालयाला विचारूनच ऑर्डर टाका.