चोरी कोणती?

इटालियन नाटककार डारिओ फो यांचे १९७४ चे ‘नॉन सी पागा! नॉन सी पागा!’ (पैसे देणार नाही!) हे प्रहसन मी इंग्रजीतून वाचले. भाववाढीने त्रासलेल्या बायका दुकानातला माल तसाच उचलतात. शेजारीण तो कोटाखाली दडविते आणि गरोदर ठरते! कायदा पाळणाऱ्या नवऱ्याच्या ताटात मात्र पक्ष्यांच्या दाण्यांचे सूप! फोंच्या मंडळीचा ‘तिसरा अंक’ खेळानंतर रंगे. प्रेक्षक उठून वाद घालीत. माल उचलणे ही चोरी, की पगार तोच ठेवून भाव चढविणे?

ही गोष्ट मी आईला सांगितली. ती विड्या वळते. हसली नाही. म्हणाली, “छाट म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे देत नाहीत, विड्याही परत देत नाहीत. ती कुठली चोरी गं?”