टिपणवही आणि तिचें कुलूप



आम्ही शाळेंत शिकत होतों तेव्हां टिपणवही म्हणजे दोन पुठ्ठ्यांमधील शंभर पानें असत. ती दप्तरांत असे आणि दप्तर आपल्या खांद्यावर असे. त्यामुळें तींत काय लिहिलें आहे हें लिहिणारास, आणि फार तर शेजारच्या बाकावरील मित्रास, ठाऊक असे. आज तीच वही मोबाइल फोनांत व संगणकांत जाऊन बसली आहे. गूगल कीप, वननोट, एव्हरनोट, जॉपलिन हीं तिचीं नवीं नांवें होत. हीं साधनें उपयोगी आहेत यांत शंका नाहीं. फळ्यावरील आकृतीचें छायाचित्र टिपणाशेजारीं ठेवतां येतें. आजारी विद्यार्थ्यास बुडालेला धडा घरबसल्या मिळतो. वर्षापूर्वीं लिहिलेला शब्द क्षणांत सांपडतो. या सोयींची निंदा करण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीनें जें शिकविलें, तें आपणांपुढें मांडावें, एवढाच हेतु आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं नववीच्या वर्गासाठीं अशा एका साधनांत इतिहासाच्या टिपणांची वही उघडली. त्याच वहींत, सोयीचें पडतें म्हणून, आमचीं स्वतःचीं स्मरणटिपणेंही आम्ही लिहीत असूं. एके सायंकाळीं एका विद्यार्थ्याची आई भेटून गेली. वडिलांचें काम सुटलें होतें, फी थकली होती, आणि मुलगा पहांटे घरोघर दूध टाकावयास जात होता; म्हणूनच पहिल्या तासाला त्याचे डोळे मिटत. विसर पडूं नये म्हणून आम्हीं हें चार ओळींत लिहून ठेविलें व त्यावर मुलाचें नांवही घातलें. परीक्षा जवळ आली तेव्हां एका प्रकरणाऐवजीं सबंध वहीचाच दुवा आम्हीं वर्गास पाठविला. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटीपर्यंत त्या चार ओळी वर्गभर वाचल्या गेल्या होत्या. कोणी फार वाईट बोललें असें नाहीं, एकानें "अरे दूधवाल्या!" अशी हांक मारली, इतकेंच. परंतु तो मुलगा पुढें आठ दिवस शाळेंत आला नाहीं. आम्ही त्याच्या घरीं गेलों व मायलेकरांची क्षमा मागितली. त्या माउलीनें चहा पुढें केला आणि ती हळूच म्हणाली, "सर, मी हे फक्त तुम्हांला सांगितलं होतं."

खासगी ठेवणें म्हणजे कांहीं वाईट लपविणें, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. दूध टाकण्यांत लाजण्यासारखें काय होतें? कांहींच नाहीं. परंतु तें कोणास व केव्हां सांगावें हें ठरविण्याचा हक्क त्या मुलाचा होता, आणि तो आम्हीं न विचारतां काढून घेतला. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें निर्णय दिला कीं, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. तो हक्क शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून मुलानें आंत यावें, असें कोणीही म्हणणार नाहीं.

आतां ही नवी वही राहते तरी कोठें, तें पाहूं. फोनवर लिहिलेलें टिपण फोनांतच राहतें असें वाटतें. परंतु बहुतेक साधनांत त्याची प्रत इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकांत, म्हणजे सर्व्हरवर, जाते. फोन हरवला तरी टिपण हरवत नाहीं, याचें कारण हेंच. वाटेंत ती प्रत कुलूपबंद असते, पण त्या कुलपाची एक किल्ली बहुधा कंपनीपाशींही असते. डिसेंबर २०१६ मध्यें एव्हरनोट कंपनीनें असें जाहीर केलें कीं, यंत्रास शिकविण्याच्या कामावर देखरेख करण्यासाठीं आपले कांहीं नोकर ग्राहकांचीं टिपणें पाहूं शकतील. लोकांनीं एवढा गलबला केला कीं, थोड्याच दिवसांत तो बेत मागें घ्यावा लागला. जॉपलिनसारख्या कांहीं साधनांत एकमेव किल्ली आपल्याच हातीं ठेवण्याची सोय आहे. मात्र ती सोय आपण स्वतः चालू करावी लागते, आणि परवलीचा शब्द विसरल्यास मग कोणीही कुलूप उघडून देऊं शकत नाहीं. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. पुसलेलें टिपण तत्काळ नाहींसें होत नाहीं. गूगल कीपमध्यें तें सात दिवस कचरापेटींत राहतें. आणि दुसऱ्यानें त्याचें चित्र काढून घेतलें असेल, तर तें कधींच परत येत नाहीं.

कायद्यानेंही या गोष्टीची दखल घेतली आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमांत अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ति बालक मानलेली आहे. बालकाची माहिती घेण्यापूर्वीं पालकांची खात्रीलायक संमति घ्यावी, आणि बालकास उद्देशून जाहिराती करूं नयेत, असें त्यांत सांगितलें आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. मुख्य कर्तव्यें त्यानंतर अठरा महिन्यांनीं अंमलांत यावीं असें ठरलें, आणि शिक्षणाच्या व सुरक्षिततेच्या कामापुरती शाळांस कांहीं सवलतही मिळाली. परंतु शिक्षकाच्या बेसावधपणास कोणताही कायदा वेळेवर आवरूं शकत नाहीं. तें काम आपलें आपणच केलें पाहिजे.

म्हणून कांहीं व्यावहारिक नियम सुचवितों.

विद्यार्थ्यांनीं अभ्यासाची वही व मनांतील गोष्टींची वही निरनिराळी ठेवावी. घरचा पत्ता, दूरध्वनि क्रमांक, आधार क्रमांक, परवलीचे शब्द हीं टिपणांत लिहूं नयेत. शाळेच्या किंवा मित्राच्या संगणकावर काम केल्यास उठण्यापूर्वीं आपलें खातें बंद करावें. आणि दुसऱ्याचें टिपण चुकून हातीं आलें, तर तें पुढें न पाठवितां लिहिणारास सांगावें; खरी मैत्री येथेंच ओळखू येते.

पालकांनीं संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीं शाळेस चार प्रश्न विचारावेत: कोणती माहिती घेतां? ती कोण पाहतो? किती दिवस ठेवतां? मूल शाळा सोडून गेल्यावर ती पुसतां काय? हे प्रश्न विचारणें हा उद्धटपणा नव्हे. त्यांचीं उत्तरें देणें शाळेचें कर्तव्य आहे.

आम्हां शिक्षकांसाठीं नियम एकच: धड्याचें टिपण व मुलाचें टिपण एका वहींत कधींही असूं नये. दुवा पाठवितांना तो कोणास उघडेल, आणि वाचणारास वहींत फेरफार करतां येईल काय, हें दोन वेळां पाहावें. जेथें नांवावांचून काम भागतें, तेथें नांव लिहूं नये.

तो मुलगा नवव्या दिवशीं परत आला, व पुढें दहावीही उत्तीर्ण झाला. आम्ही अजूनही इतिहासाचीं टिपणें त्याच साधनांत लिहितों व वर्गास पाठवितों. मात्र कोणाची आई सायंकाळीं भेटून कांहीं सांगून गेली, तर तें कागदी वहींत लिहितों. ती वही खणांत ठेवितों, आणि खणाची किल्ली आपल्या खिशांत.