साचा आणि जिव्हाळा

विद्यार्थी मित्रांनो, मराठीच्या तासाला तुम्ही पत्रलेखन शिकता. वडिलांना 'तीर्थरूप', मित्राला 'प्रिय', अधिकाऱ्यांना 'माननीय' असा मायना लिहिता. वर पत्ता व तारीख, शेवटी 'आपला विश्वासू' आणि सही. हे सारे आधीच ठरलेले असते. उर्दूच्या तासाला मात्र तुम्हाला मिर्झा गालिब (1797–1869) यांची पत्रे भेटतात. त्या काळी पत्राच्या आरंभी लांबलचक अल्काब लिहिण्याची रीत होती. गालिब यांनी ती बाजूला सारली आणि समोर बसून बोलावे तशी पत्रे लिहिली.

मग चांगले पत्र कोणते? ठरलेल्या साच्यातले, की मनातून आलेले? हा प्रश्न केवळ परीक्षेचा नाही. मोटारी विकणाऱ्या दुकानातही तो रोज पडतो. कसा, ते पाहू या.

समजा, तुमच्या चाचांना मोटार घ्यायची आहे. त्यांनी एका शोरूममध्ये जाऊन गाडी पाहिली, किंमत विचारली आणि आपला मोबाइल नंबर दिला. ते घरी पोहोचतात न पोहोचतात तोच संदेश आला: 'नमस्कार. आमच्या शोरूमला भेट दिल्याबद्दल आभार. आपण पाहिलेल्या गाडीच्या किमतीचा तपशील सोबत पाठवत आहोत.' त्या दिवशी शोरूममध्ये आलेल्या प्रत्येकाला हाच मजकूर गेला. फक्त नाव आणि आकडे बदलले.

दुकानदार असा साचा का वापरतो? मोटारीची किंमत म्हणजे एकच आकडा नसतो. गाडीची मूळ किंमत, विमा, नोंदणी आणि रस्ताकर असे सगळे मिळून बिल होते. नवा विक्रेता घाईत एखादी गोष्ट विसरेल. साचा विसरत नाही. दहा विक्रेते असले तरी दहा ग्राहकांना सारखाच हिशेब कळतो. कोणाची फसवणूक होत नाही.

आता साच्याची दुसरी बाजू पाहा. चाचांनी गाडी नोंदवली. त्यानंतर काही दिवसांनी तुमचे दादाजान वारले. चाचांनी शोरूमला कळवले, 'वडील वारले. गाडीचे नंतर पाहू.' दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन वाजला. संदेश होता, 'अभिनंदन! आपल्या स्वप्नातील गाडी आपली वाट पाहत आहे. आजच या!' घरात कुराण पठण चालू होते. चाचांनी तो वाचला आणि काही न बोलता फोन उलटा ठेवला.

त्या संदेशात एकही शब्द चुकीचा नव्हता. व्याकरण शुद्ध होते. पण तो संगणकाने ठरल्या वेळी पाठवला होता. चाचांचे दोन ओळींचे उत्तर दुकानात कोणी वाचलेच नव्हते.

'मग साचे फेकून द्यावेत आणि प्रत्येकाने मनाला येईल ते लिहावे,' असे तुम्ही म्हणाल. थांबा. समजा, दुसऱ्या एका दुकानातील तरुण विक्रेत्याने स्वतःच्या फोनवरून लिहिले, 'चाचा, काळजी करू नका. गाडी ईदच्या आधी नक्की मिळेल. विम्याचे पैसेही देऊ नका.' किती गोड शब्द! चाचांनी घरीदारी सांगितले. मुलांनी ईदला कुठे जायचे तेही ठरवले. ईद आली, गाडी आली नाही. चाचा दुकानात गेले, तर तो तरुण नोकरी सोडून गेलेला. व्यवस्थापक म्हणाले, 'आमच्या दप्तरी अशी काहीच नोंद नाही.' जिव्हाळा होता, पण शब्दामागे दुकान उभे नव्हते.

आपल्या देशात याबाबत नियमही आहेत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2018 साली केलेल्या नियमांप्रमाणे व्यापाऱ्याला एसएमएसचा मजकूर आधी दूरसंचार कंपनीकडे नोंदवावा लागतो. नाव, रक्कम, तारीख अशा बदलत्या गोष्टींसाठी त्यात मोकळी जागा असते. व्यापाऱ्यांसाठी असलेल्या व्हॉट्सॲपच्या सेवेतही दुकानाला आपण होऊन निरोप पाठवायचा असेल, तर तो मंजूर झालेल्या नमुन्यातच पाठवावा लागतो. पण ग्राहकाने काही लिहिले, तर पुढचे 24 तास दुकानाला आपल्या शब्दांत उत्तर देता येते. या नियमातले शहाणपण लक्षात घ्या. आरंभ साच्याने करा. पण समोरचा माणूस बोलू लागला, की त्याच्याशी माणसासारखे बोला.

साचा हा काही मुळात वाईट नसतो. आपल्याकडे 2013 पर्यंत तारसेवा चालू होती. शुभेच्छांच्या तारेसाठी तारखात्याने काही वाक्ये ठरवून ठेवली होती. ईद, दिवाळी, लग्न, परीक्षेतील यश अशा प्रसंगांची ती वाक्ये. प्रत्येक वाक्याला क्रमांक होता. पाठवणाऱ्याने क्रमांक लिहून दिला, की दुसऱ्या गावी पूर्ण वाक्य पोहोचत असे. हे वाक्य हजारो लोकांना गेले आहे, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही तार आली की घर आनंदून जाई. कारण कोणीतरी आपली आठवण ठेवून, रांगेत उभे राहून, योग्य दिवशी ती पाठवली होती. शब्द ठरलेले होते. आठवण खरी होती.

म्हणून चांगला विक्रेता दोन्ही गोष्टी सांभाळतो. किंमत, तारीख, पावती, वचन हे सारे तो साच्यातून देतो. माणसाच्या सुखदुःखाविषयी मात्र आपल्या शब्दांत लिहितो. दादाजान वारल्याचे वाचून त्या पहिल्या शोरूमला असे लिहिता आले असते: 'साहेब, आपले वडील गेल्याचे वाचून फार वाईट वाटले. गाडीची घाई करू नका. आपण भरलेली रक्कम जमा आहे. पावती तीच चालेल.' पहिली दोन वाक्ये मनातली, पुढची दोन हिशेबाची. चाचांना दोन्हींची गरज होती.

मुलांनो, उद्या तुम्ही दुकानात, कचेरीत किंवा दवाखान्यात काम कराल. तयार मजकूर तुमच्याही हाती येईल. तो जरूर वापरा. पण पाठवण्याआधी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, 'हा आज कोणाच्या घरी जाणार आहे?'

शब्दार्थ
मायना – पत्राच्या आरंभीचा मजकूर
साचा – ठरलेला नमुना
जिव्हाळा – आपुलकी, प्रेम
तपशील – सविस्तर माहिती
दप्तरी – कार्यालयाच्या कागदपत्रांत

स्वाध्याय
1. दुकानदार तयार मजकूर का वापरतात?
2. चाचांनी फोन उलटा का ठेवला?
3. 'शब्दामागे दुकान उभे नव्हते' म्हणजे काय?
4. तुमच्या मित्राने सायकल दुरुस्तीला दिली आहे, पण ती वेळेवर होणार नाही. दुकानदाराच्या वतीने त्याला चार ओळींचा निरोप लिहा.