सरपणाच्या वखारीतील यंत्रे : कोकण किनाऱ्यावरील निगा आणि दुरुस्ती

गणपतीपुळे, मालगुंड आणि आसपासच्या वाड्यांत मे महिना सरत आला की पावसाळ्याच्या बेगमीला वेग येतो. स्वयंपाकाचा गॅस घरोघरी आला, तरी न्हाणीचूल अद्याप विझलेली नाही. खानावळींना सरपण लागते. आणि ग्रामपंचायतीच्या स्मशानभूमीसाठी भर आषाढात जे कोरडे लाकूड लागते, ते तर आधीच फोडून, रचून, झाकून ठेवावे लागते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सरपण नीट वाळण्यास कित्येक आठवड्यांचे ऊन हवे. त्यामुळे लहान वखारवाल्याचा खरा हंगाम फेब्रुवारी ते मे एवढाच उरतो. या काळात करवत आठ दिवस बंद पडली, तर त्या आठ दिवसांचे लाकूड ओलेच राहते आणि पुढे धुरकट जळते. यंत्राच्या निगेचा विचार याच हिशेबाने करावयास हवा.

अशा वखारीत साधारणतः तीन यंत्रे आढळतात : पेट्रोलवर चालणारी साखळी करवत, विजेच्या मोटारीवर किंवा डिझेल इंजिनावर चालणारी गोल करवत आणि क्वचित तेलाच्या दाबावर चालणारे लाकूड फोडणी यंत्र.

साखळी करवतीचे बहुतेक दुखणे धारेत आणि इंधनात असते. साखळीला धार आहे किंवा नाही हे भुशावरून कळते. धार चांगली असल्यास लाकडाचे जाडसर कपचे पडतात. पिठासारखा बारीक भुसा पडू लागला की साखळी बोथट झाली असे समजावे. अशा वेळी करवत जोराने दाबण्याची सवय सर्वत्र दिसते. त्याने साखळी तापते, पट्टी झिजते आणि इंजिनावर भार येतो. योग्य उपाय म्हणजे साखळीच्या मापाची गोल कानस घेऊन प्रत्येक दातावर सारख्याच कोनात, सारखेच हात मारणे. एका बाजूचे दात लांब राहिले तर काप तिरका जातो. किनाऱ्यालगतच्या झाडांच्या सालीत वाळू बसलेली असते आणि जमिनीवर ओढत आणलेल्या ओंडक्याला जांभ्याची माती चिकटते. हे दोन्ही धारेचे शत्रू होत. साल आधी खराट्याने झाडून घेतल्यास कानस मारण्याचे निम्मे काम वाचते. कुंपणाच्या जुन्या झाडांत तारा व खिळे असतात, तेही पाहून घ्यावे.

इंधनाची बाब अलीकडे अधिक नाजूक झाली आहे. या करवतींच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच वंगण तेल मिसळावे लागते. पुस्तिकेत ५० भागांस १ असे प्रमाण असेल, तर लिटरमागे २० मिलिलिटर तेल होते. अंदाजाने ओतलेल्या तेलाने एकतर काजळी धरते, नाहीतर पिस्टन खरवडला जातो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, आणि पुरेसे पाणी मिसळले की ते पेट्रोलपासून अलग होऊन टाकीच्या तळाशी बसते. कित्येक करवतींच्या पुस्तिकांत १० टक्क्यांचीच मर्यादा दिलेली असते. म्हणून आपल्या यंत्राची मर्यादा आधी वाचावी. मिश्रण थोडेच करावे, डब्याचे झाकण घट्ट लावावे व जुने मिश्रण करवतीत ओतू नये. किनाऱ्यावरील दमट हवेत ही काळजी देशावरच्यापेक्षा अधिक घ्यावी लागते.

गोल करवतीत मात्र चूक झाली तर केवळ यंत्र बिघडत नाही, माणूस जायबंदी होतो. येथे थोडे गणित आवश्यक आहे. शाळेतील शिक्षकांनाही ते वर्गात वापरता येईल. ६० सेंटिमीटर व्यासाच्या पात्याचा परीघ सुमारे १.८८ मीटर. मोटार मिनिटाला १४४० फेरे घेत असेल आणि मोटारीची व पात्याची कप्पी सारख्याच मापाची असेल, तर पात्याची कड सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने फिरते. हा वेग लाकडासाठी योग्य होय. आता दुरुस्तीच्या वेळी हाताशी आली म्हणून पात्याच्या शाफ्टवर निम्म्या मापाची कप्पी बसवली, तर फेरे दुप्पट होऊन वेग सेकंदाला ९० मीटरवर जातो. पाते थरथरते, तडकते आणि प्रसंगी तुकडे उडतात. पात्यावर कोरलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा वाचल्याशिवाय कप्पी कधीही बदलू नये. दातांच्या मुळाशी केसासारखी तडा दिसली, तर ते पाते मोडीतच काढावे.

पात्यामागील उभी पट्टी कापलेल्या फटीला उघडे ठेवते व ओंडका उलट फेकला जाण्यास प्रतिबंध करते. ती पट्टी आणि वरचा संरक्षक पत्रा ‘कामात अडचण’ म्हणून काढून ठेवण्याची प्रथा निषेधार्हच म्हटली पाहिजे. आंबा व काजूचा चीक पात्याला चिकटून घर्षण वाढवतो. वीज पूर्ण तोडून, पाते थांबल्यावर, रॉकेल किंवा डिझेलच्या बोळ्याने तो पुसावा.

मोटारी जळण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे तीन फेजपैकी एक जाणे. उरलेल्या दोन फेजवर मोटार गुणगुणत राहते आणि काही मिनिटांत तिची गुंडाळी जळते. एक फेज जाताच वीज तोडणारे उपकरण बसवणे हे गुंडाळी पुन्हा भरून घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. अर्थिंगचा प्रश्न जांभ्याच्या कातळावर विशेष बिकट आहे. उन्हाळ्यात कातळ कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरते उरते. खड्डा खोल घेऊन, कोळसा व मीठ भरून, मार्चपासून त्यात नियमाने पाणी घालावे. प्रतिरोध परवानाधारक तंत्रज्ञाकडून मोजून घ्यावा.

फोडणी यंत्राबाबत एवढेच सांगणे पुरे, की तेलाची गळती बोटाने चाचपून शोधू नये. दाबाखालील बारीक धार कातडी भेदून आत शिरते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

समुद्राची हवा हा या साऱ्या यंत्रांचा बाराही महिन्यांचा वैरी आहे. लोखंडावर बसलेले मिठाचे कण हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेतात आणि पाऊस नसतानाही गंज सुरू होतो. भुशाचा थर ही ओल धरून ठेवतो. म्हणून रोज संध्याकाळी भुसा झाडणे आणि उघड्या पोलादावर तेलाचा हात फिरवणे, ही दहा मिनिटांची कामे चुकवू नयेत. जूनपूर्वी साखळी करवतीची टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, साखळी तेलात बुडवून ठेवावी, गोल करवतीचा पट्टा सैल करावा आणि मोटार जमिनीपासून उंच, हवेशीर जागी ठेवावी. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली मोटार आतूनच घामेजते.

जून २०२० मधील ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’ या चक्रीवादळांत कोकणात असंख्य झाडे उन्मळून पडली. अशा वेळी रस्ता मोकळा करण्यास वखारीतील करवतच सर्वांत जवळ असते. मॉन्सूनपूर्व बैठकीत चालू स्थितीतील करवतींची व त्या चालवू शकणाऱ्या व्यक्तींची नोंद ग्रामपंचायतीने घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल. आडव्या पडलेल्या खोडात ताण अडकलेला असतो, हे मात्र नवख्याच्या हाती करवत देताना ध्यानात ठेवावे.

वखारीचा परवाना आणि झाडतोडीची परवानगी हे विषय वेगळे आहेत. आंबा, फणस, ऐन, किंजळ यांसारख्या वृक्षांना १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम लागू आहे, आणि करवत यंत्र बसवण्यापूर्वी वनविभागाकडून लेखी खुलासा घेणे इष्ट. मोठ्या दुरुस्तीसाठी रत्नागिरी गाठावी लागते. पट्टा, बेअरिंग, स्पार्क प्लग आणि दोन साखळ्या यांचा साठा वखारीत असल्यास ही खेप बहुतेक वेळा टळते. यासोबत एक वही असावी व तीत चाललेले तास, बदललेला भाग आणि तारीख लिहावी. दसऱ्याला यंत्रांची पूजा होतेच. त्याच दिवशी पाते हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकावा, मोटारीच्या गुंडाळीचा रोध मोजून घ्यावा आणि ओल आढळल्यास मोटार पूर्ण वाळेपर्यंत वीज जोडू नये.