जाळे आणि विक्री वेगळी ठेवण्याची हमी: हरकत लिहिताना काय करावे, काय टाळावे

(यवतमाळ जिल्ह्यातील केबलचालक, लहान इंटरनेट पुरवठादार, ग्रामपंचायती आणि ग्राहक संघटनांसाठी. मोठी दूरसंचार कंपनी आपले जाळे आणि विक्री वेगळी ठेवण्याची हमी देते, तेव्हा त्या हमीवर हरकत कशी लिहावी, ते पुढे आहे.)

काय करावे

१. आधी दार ओळखा: परवाना, आंतरजोडणी आणि दर यांसाठी ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण), वर्चस्वाच्या गैरवापरासाठी भारतीय स्पर्धा आयोग.

२. विषय दोन्हीकडचा असेल तर ट्रायपासून सुरुवात करा. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ च्या निकालात हाच क्रम लावून दिला आहे.

३. कंपनीची हमी कोणत्या टप्प्यावर आली ते पाहा. स्पर्धा कायद्याच्या कलम ४८-ब नुसार ती स्पर्धा आयोगाचा चौकशीचा आदेश निघाल्यावर, पण आयोगाच्या महासंचालकांचा अहवाल हाती पडण्याआधीच देता येते.

४. हमीतील प्रत्येक कलमापुढे तीन प्रश्न लिहा: कोण करणार, कधीपर्यंत, तपासणार कोण?

५. समान वागणूक मोजता येईल अशी मागा: कंपनीच्या विक्री विभागाला मिळते तीच किंमत, तीच मुदत, मागणी नोंदवायची तीच प्रणाली.

६. बिघाडांच्या नोंदवहीची प्रत जोडा: वणी–मारेगाव रस्त्यावर जेसीबीने फायबर तोडली किती वाजता, तक्रार क्रमांक काय, जोडली कधी, आणि कंपनीचे स्वतःचे ग्राहक कधी सुरू झाले.

७. माहितीची भिंत मागा: घाटंजीतली नवी वसाहत जोडायला तुम्ही बँडविड्थ मागितलीत, ही खबर कंपनीच्या विक्री प्रतिनिधीला लागता कामा नये.

८. इतर पुरवठादारांना जाळे देणाऱ्या घाऊक विभागाच्या अधिकाऱ्यांचा बोनस त्याच विभागाच्या कामावर ठरावा, अशी अट सुचवा. माणूस ज्याचा बोनस खातो त्याचेच काम करतो.

९. देखरेख मंडळात बाहेरच्यांचे बहुमत मागा. ब्रिटिश टेलिकॉमने २००५ मध्ये दिलेल्या अशाच हमीनंतर नेमलेल्या पाच जणांच्या मंडळात तिघे स्वतंत्र होते.

१०. गावात भारतनेट या सरकारी योजनेची फायबर आली असेल तर चालू की बंद ते लिहा. पर्यायी वाट आहे की नाही, यावर निर्णयाचा तोल ठरतो.

११. ट्रायच्या सल्लापत्रिकेला प्रश्नक्रमांकानुसार उत्तरे द्या, आणि प्रति-अभिप्रायाच्या मुदतीत कंपनीच्या म्हणण्याला उत्तर पाठवा.

काय टाळावे

१. एकट्याच्या बिलाची तक्रार हरकतीत घालू नका. ती कंपनीकडे, मग तिच्या अपील प्राधिकरणाकडे किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे न्या.

२. दोन पुरवठादारांमधला वाद हरकतीत मिसळू नका. त्यासाठी टीडीसॅट (दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरण) आहे.

३. ट्रायची शिफारस म्हणजे निर्णय असे धरून चालू नका. परवान्याच्या अटींवर शेवटचा शब्द केंद्र सरकारचा.

४. ‘नंतर अपिलात पाहू’ म्हणू नका. कलम ४८-ब खालच्या आदेशावर अपील नाही.

५. ‘शक्य तितक्या लवकर’ आणि ‘योग्य ते प्रयत्न’ या शब्दांना हमी समजू नका. त्यांच्या जागी दिवस आणि तास मागा.

६. नवे नाव, नवा रंग, नवी पाटी यांवर भुलू नका. पैसा कोण मंजूर करतो ते पाहा, कारण ब्रिटनमध्ये याच मुद्द्यावरून २०१७ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमचे जाळे सांभाळणाऱ्या ओपनरीच या विभागाची वेगळी कंपनी करण्यापर्यंत गोष्ट गेली.

७. राज्याची सरासरी स्वीकारू नका. पुण्याचे आकडे झरी-जामणीची रड झाकतात, म्हणून तालुकावार आकडे मागा.

८. एकदम मालकी तोडण्याची मागणी करू नका. न्यूझीलंडने आधी २००८ मध्ये तिथल्या मोठ्या दूरसंचार कंपनीचे कामकाज वेगळे केले, जाळ्याची कोरस ही कंपनी २०११ मध्ये स्वतंत्र झाली.

९. ग्राहकांची नावे आणि मोबाइल नंबर जोडू नका. ट्रायकडे आलेले अभिप्राय संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतात.

१०. एकच छापील मजकूर दहा लेटरहेडांवर पाठवू नका. दारव्ह्याची अडचण दारव्ह्याने लिहावी, उमरखेडची उमरखेडने.

११. हमी मंजूर झाली म्हणून नोंदवही मिटू नका. कंपनीने शब्द मोडला तर कलम ४८-क नुसार आदेश रद्द होऊन चौकशी पुन्हा उभी राहू शकते, आणि तेव्हा पुरावा म्हणून हीच वही लागेल.