इगतपुरीचे बिनमोल धन

'बिनमोल' या शब्दाचे दोन अर्थ होतात. ज्यासाठी काही मोल द्यावे लागत नाही ते बिनमोल. आणि ज्याचे मोल करताच येत नाही तेही बिनमोल. हे दोन्ही अर्थ एकाच वस्तूला लागू पडावेत, असे सहसा घडत नाही. बाजारात जे फुकट मिळते, त्याची योग्यता बहुधा बेताचीच असते. परंतु सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेल्या इगतपुरीच्या परिसरात जे जे पाहावयास मिळते, त्यातील पुष्कळशा गोष्टींना हे दोन्ही अर्थ सारखेच शोभतात. तेथील घाटमाथ्याला फाटक नाही, पावसाला तिकिटाची खिडकी नाही आणि भातखाचरांच्या हिरवाईवर कर नाही. शिदोरी बांधून सकाळी निघावे आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे. खर्च काय तो पायांचा.

इगतपुरी हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मुंबईहून लोहमार्गाने ते सुमारे १३७ किलोमीटर, तर नाशिकहून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ६०० मीटर भरते. भोवतालचे डोंगर काळ्या पाषाणाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेला तप्त लाव्हारस थरावर थर साचत गेला व थंड होऊन त्याचा हा खडक बनला. म्हणूनच हे डोंगर दुरून पाहिले असता कोणी प्रचंड पायऱ्या रचून ठेवल्यासारखे दिसतात.

या गावाचे खरे वैशिष्ट्य मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते विचाराने जाणून घ्यावे लागते. इगतपुरीच्या परिसरातील डोंगरमाथा हा जलविभाजक आहे. या माथ्यावर पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडतात. ते जणू एकाच आईच्या दोन लेकी. परंतु एकीचे सासर पूर्वेला, तर दुसरीचे पश्चिमेला. पश्चिमेकडे उतरलेला थेंब भातसा नदीत जातो, तेथून उल्हास नदीत आणि मग अरबी समुद्रात. पूर्वेकडे वळलेला थेंब दारणेला मिळतो. दारणा ही कुलंगच्या डोंगराळ भागात उगम पावून पुढे निफाड तालुक्यात दारणासांगवीजवळ गोदावरीला मिळते. आणि गोदामाईच्या सोबतीने तो थेंब सारे दख्खनचे पठार ओलांडून बंगालच्या उपसागरास पोहोचतो. येथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत आहे. तरीही त्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून हा थेंब शेकडो कोसांचा प्रवास पत्करतो. दोन बोटांच्या अंतराने दोन थेंबांचे भाग्य असे पालटते. हा चमत्कार पाहावयास कोणी पैसे घेत नाही.

जून महिना उजाडला की समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या भिंतीवर येऊन थडकतात. त्यांना वर चढावे लागते. वर चढताना ते थंड होतात आणि आपला जलभार घाटमाथ्यावरच उतरवून टाकतात. त्यामुळे इगतपुरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तेच वारे पुढे नाशिकला पोहोचतात तेव्हा त्यांची झोळी बरीचशी रिकामी झालेली असते. तेथील पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास असतो. अवघ्या ४५ किलोमीटरांत एवढे अंतर पडते. भूगोलाच्या पुस्तकात 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हे शब्द वाचावयास मिळतात. त्यांचा अर्थ इगतपुरीहून नाशिककडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून स्वच्छ दिसतो. आधी भाताची खाचरे, मग माळरान, आणि त्यानंतर द्राक्षांचे मळे!

गावाजवळच घाटाच्या तोंडाशी घाटनदेवीचे मंदिर आहे. घाटातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे रक्षण ही देवी करते, अशी लोकांची श्रद्धा आहे. पूर्वी व्यापाऱ्यांचे बैलतांडे घाट चढून आले की सुटकेचा निःश्वास टाकीत. आज मोटारचालक जाता जाता हात जोडतात. येथील कड्यावरून खोल दरी दिसते. पावसाळ्यात धुके दरीतून वर येते आणि क्षणात सारे दृश्य पुसून टाकते. दुसऱ्या क्षणी वारा तो पडदा बाजूस सारतो, तो समोरच्या कड्यांवरून पाण्याच्या धारा कोसळत असतात.

याच घाटातून लोहमार्ग जातो. भारतातील पहिली प्रवासी आगगाडी मुंबईहून ठाण्यास १८५३ साली धावली. पुढे बारा वर्षांच्या आत, १८६५ साली, थळघाटातून लोहमार्ग इगतपुरीपर्यंत येऊन पोहोचला. कसारा ते इगतपुरी या सुमारे १५ किलोमीटरांच्या मार्गात गाडीला सुमारे ३०० मीटर उंची चढावी लागते. चढ इतका तीव्र की काही ठिकाणी ३७ मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. म्हणून बहुतेक गाड्यांना कसाऱ्यास मागून जादा इंजिने जोडतात. पुढचे इंजिन ओढते आणि मागची ढकलतात. १९३० साली हा मार्ग विजेवर चालू लागला. बोगद्यात शिरणारी आणि पुलावरून बाहेर पडणारी गाडी घाटमाथ्यावरून पाहताना लहानथोर सारेच रमून जातात. परंतु हे दृश्य फुकट मिळाले असे म्हणता येईल काय? ज्या काळी यंत्रे फारशी नव्हती, त्या काळी हजारो मजुरांनी सुरुंग लावून, पहारी चालवून हा मार्ग फोडला. दरडी, स्फोट आणि रोगराई यांनी कित्येकांचा बळी घेतला. त्यांची नावे कोणत्याही शिळेवर कोरलेली नाहीत. आजच्या प्रवाशाच्या वाटणीचे मोल त्यांनी आधीच देऊन टाकले आहे.

इगतपुरीपासून काही कोसांवर त्रिंगलवाडीचा किल्ला आहे. पायथ्याशी गाव, जवळच तलाव, आणि तलावाकाठून वर जाणारी पायवाट. वाटेत खडकात कोरलेले जैन लेणे लागते. त्याच्या दारावरील कोरीव काम आजही पाहण्यासारखे आहे. आत ऋषभदेवांची भग्न मूर्ती असून तिच्या बैठकीवरील लेखात शके १२६६, म्हणजे इसवी सन १३४४, असा काळ दिला आहे. शिल्पकाराने छिन्नीचा पहिला घाव घातला, त्याला आज सुमारे पावणेसातशे वर्षे होत आली. लेण्यावरून पुढे गेले की एकसंध कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात आणि दरवाजापाशी मारुतीची भव्य मूर्ती भेटते. माथ्यावर पोहोचल्यावर आकाश निरभ्र असेल तर एका बाजूस त्र्यंबकचे डोंगर, तर दुसऱ्या बाजूस अलंग, मदन, कुलंग हे बेलाग किल्ले व त्यांच्या पलीकडे कळसूबाईचे शिखर दिसते. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रातील सर्वांत उंच होय.

किल्ल्यावरून खाली नजर टाकली की भाताची खाचरे दिसतात. जुलै महिन्यात येथे आवणीची घाई असते. महादेव कोळी, ठाकर व इतर शेतकरी कुटुंबे गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपे लावतात. पाहुण्याला ते हिरवे गालिचे वाटतात. शेतकऱ्याला ते वर्षाचे अन्न असते. खाचराचा बांध मातीचा असतो. हौसेने त्यावरून धावणाऱ्याच्या पायाखाली तो ढासळला, तर साठलेले पाणी वाहून जाते आणि रोपे उघडी पडतात. एका माणसाची घटकाभर मौज दुसऱ्याच्या घासावर बेतते ती अशी.

धरणांचीही गोष्ट अशीच आहे. दारणा नदीवर नांदगावजवळ १९१६ साली धरण बांधण्यात आले. त्याच्या पाण्याने खालच्या कोरड्या मुलुखात शेती पिकू लागली. वैतरणेवरील ऊर्ध्व वैतरणा धरण १९७३ साली पुरे झाले; त्याचे पाणी मुंबईकरांच्या नळाला येते. सायंकाळी जलाशयाच्या काठी उभे राहून मावळतीचे रंग पाण्यात पाहणे हा मोठाच आनंद आहे. पण या पाण्याखाली कोणाची तरी शेते गेली आहेत, दुसऱ्यांच्या तहानेसाठी कोणी तरी आपली जमीन सोडली आहे, हे पाहणाऱ्याने विसरता कामा नये.

गावालगतच्या टेकडीवर धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे. सत्यनारायण गोयंका यांच्या प्रेरणेने १९७६ साली ते सुरू झाले. तेथे दहा दिवसांच्या साधनेसाठी देशोदेशींचे लोक येतात. शिकवणुकीचे, राहण्याचे वा भोजनाचे शुल्क घेतले जात नाही. पूर्वी ज्यांनी तेथे साधना केली, त्यांच्या दानातून नव्याने येणाऱ्यांचा खर्च चालतो. म्हणजे येथेही कोणी तरी कोणासाठी मोल दिलेले असते. घेणाऱ्याला ते दिसत नाही, इतकेच.

अशा रीतीने पाहिले तर 'फुकट' हा शब्दच फसवा ठरतो. वाट मजुराने फोडली, लेणे कारागिराने कोरले, खाचर शेतकऱ्याने राखले, पाणी डोंगराने दिले. पाहणाऱ्याकडून कोणी पैसा मागत नाही, याचा अर्थ त्याचे काहीच देणे लागत नाही असा नव्हे. ते देणे वागणुकीने फेडावयाचे असते.

ही गोष्ट जगात इतरत्रही ओळखली गेली आहे. स्कॉटलंड हाही डोंगरांचा व सरोवरांचा देश. तेथे २००३ साली एक कायदा झाला. त्यानुसार बहुतेक साऱ्या जमिनीवरून व जलाशयांवरून कोणासही मोकळेपणाने हिंडता येते. मग ती जमीन खाजगी का असेना. परंतु या हक्काला एक अट जोडलेली आहे : हिंडणाऱ्याने जबाबदारीने वागले पाहिजे. उभ्या पिकाची नासाडी करू नये, गुरांना त्रास देऊ नये, कचरा मागे ठेवू नये. जो जबाबदारी टाळतो, त्याचा हक्कही उरत नाही.

इगतपुरीला आज या शिकवणुकीची मोठी गरज आहे. पावसाळ्यात सुटीच्या दिवशी येथे माणसांचे लोंढे येतात. धबधब्यापाशी प्लॅस्टिकच्या बाटल्या, फराळाच्या पिशव्या आणि फुटक्या काचा पडतात. त्या ओढ्यातून वाहत नदीत जातात. म्हणजे कोणी एकाने टाकलेला कचरा दोन समुद्रांपर्यंत जाऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे काही जण शेवाळलेल्या कातळावर उतरतात, कड्याच्या टोकाशी उभे राहून छायाचित्रे काढतात, तर काही लोहमार्गावरून चालतात. डोंगरात वर पाऊस पडला की खालचा शांत ओढा पाहता पाहता लोंढा बनतो. घाट सुंदर असला तरी तो कोणाची गय करीत नाही. पाहुणा संकटात सापडला म्हणजे गावकऱ्यांना आपला जीव धोक्यात घालून दोर घेऊन दरीत उतरावे लागते. एकाच्या धाडसाचे मोल पुन्हा दुसऱ्यालाच द्यावे लागते!

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. त्यावर सुमारे आठ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. जो घाट ओलांडावयास बैलतांड्यांना दिवसच्या दिवस लागत, तो आता काही मिनिटांत पार होतो. वेळ वाचतो, हे खरेच. पण बोगद्यातून जाणाऱ्यास ना दरी दिसते, ना धुके. ज्याला ते पाहावयाचे असेल, त्याला आजही जुन्याच घाटाने, जुन्याच चालीने यावे लागते.

सप्टेंबर सरता सरता पाऊस ओसरतो. कड्यांवर सोनकीची पिवळी फुले डोलू लागतात, तेरड्याने उतार रंगून जातात, आणि भाताच्या लोंब्या जड होऊन खाली वाकतात. तो सोहळा पाहून परतणाऱ्याने सोबत काही न्यावयाचे नसते, फुलेसुद्धा नाही. आणि मागे ठेवावयाचे ते एवढेच, की उद्या येणाऱ्याला आपण येऊन गेल्याची खूणही सापडू नये.

अभ्यास

१. 'बिनमोल' या शब्दाचे दोन अर्थ सांगून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.
२. इगतपुरीस पडणारे दोन थेंब दोन निरनिराळ्या समुद्रांस कसे मिळतात, ते नकाशाच्या साहाय्याने समजावून सांगा.
३. "'फुकट' हा शब्दच फसवा ठरतो." या विधानास पाठातील तीन उदाहरणांचा आधार द्या.
४. तुमच्या गावाजवळील तिकीट नसलेले एखादे ठिकाण निवडा. ते कोणी घडविले व कोण राखते, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवून दहा ओळी लिहा.